जागल्या आणि त्याचा वकील



मंडळाने मला इतिहासातील एखाद्या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा मी विषय निवडला तो अमेरिकेतील एका कायद्याचा आणि त्या कायद्याला नवा जन्म देणाऱ्या एका वकिलाचा. मी वकील नव्हे. परिचारिकेचा डिप्लोमा घेऊन जन्मभर रुग्णालयात काम केलेली बाई आहे. परंतु ज्या दाव्यांविषयी मी सांगणार आहे, त्यांतील एक रुग्णालयांच्या हिशेबवह्यांतून निघाला आणि दुसऱ्याचा उगम याच देशात, आपल्या हवाई दलाच्या कचेरीत झाला. तेव्हा विषय दूरचा दिसला, तरी आपल्या अंगणातला आहे.

सरकारी पैशाचा अपहार होत असताना जो आतला मनुष्य तो उघडकीस आणतो, त्याला काय म्हणावे? आपल्या भाषेत अशा माणसासाठी वाईट शब्दांची वाण नाही. चहाडखोर, चुगलखोर, खबऱ्या, फितूर. घरभेदी हा तर लंकेच्या कथेतून आलेला शब्द. मात्र अलीकडे मराठी वर्तमानपत्रांनी त्याच्यासाठी एक जुना, सुंदर शब्द पुन्हा वापरात आणला आहे : जागल्या. गाव झोपलेले असताना जो जागा राहून राखण करीत असे आणि चोराची चाहूल लागताच हाळी देत असे, तो जागल्या. एकाच कृत्याकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत. एक म्हणते, याने आपल्या माणसांची चहाडी केली. दुसरी म्हणते, याने गावाला जागे केले.

आपल्या तोरानेही हा पेच ओळखला आहे. वायिक्रा या ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात, केदोशीम या पाराशात, सोळाव्या वचनात दोन आज्ञा शेजारी शेजारी येतात. पहिली सांगते की, आपल्या लोकांत चहाड्या करीत हिंडू नये. दुसरी सांगते की, शेजाऱ्याचा जीव धोक्यात असताना स्वस्थ उभे राहू नये. एकाच वचनात तोंड आवरण्याची आज्ञा आहे आणि हात बांधून न बसण्याचीही. त्याच ग्रंथाच्या पाचव्या अध्यायाच्या आरंभी असेही सांगितले आहे की, ज्याने पाहिले आहे किंवा ज्याला माहीत आहे, तो साक्ष देण्याच्या वेळी गप्प राहिला तर दोष त्याच्या माथी येतो. या दोन आज्ञांच्या मधली वाट कशी चालावी, हा आजच्या माझ्या बोलण्याचा मुख्य प्रश्न आहे.

आता इतिहासाकडे वळू. इ. स. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लाखो सैनिकांना कपडे, जोडे, घोडे, खेचरे, बंदुका आणि दारूगोळा पुरवायचा होता, आणि व्यापाऱ्यांची झुंबड उडाली. दारूच्या पिंपांत लाकडाचा भुसा निघू लागला. तळाला पुठ्ठा लावलेले जोडे चिखलात विरघळले. चिंध्या पिंजून केलेल्या कापडाचे गणवेश पहिल्याच पावसात फाटले. आजारी आणि लंगडी जनावरे धडधाकट म्हणून सरकारच्या गळ्यात बांधण्यात आली. फसवणूक सरकारची झाली असे कागदोपत्री म्हणावे, पण त्या जोड्यात पाय कोणाचा होता? सैनिकाचा.

या लबाडीला आळा घालण्यासाठी २ मार्च १८६३ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. त्याचे नाव ‘फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट’, म्हणजे सरकारकडे खोटी मागणी करून पैसे उकळणाऱ्याविरुद्धचा कायदा. त्यात एक विलक्षण कलम होते. ही फसवणूक ज्याला ठाऊक आहे असा कोणीही नागरिक सरकारच्या वतीने न्यायालयात दावा लावू शकत असे. आणि दावा जिंकला तर वसुलीतील अर्धा वाटा त्याला मिळत असे. फसवणाऱ्याने नुकसानीच्या दुप्पट रक्कम भरावी, शिवाय प्रत्येक खोट्या मागणीसाठी २,००० डॉलर दंड द्यावा, अशी शिक्षा होती. ही पद्धत जुन्या इंग्लंडमधून आली होती. तिला ‘क्वी टाम’ असे लॅटिन नाव आहे; ‘राजाच्या वतीने आणि स्वतःच्याही वतीने जो दावा लावतो तो’ अशा अर्थाच्या लांबलचक वाक्यातील ते पहिले दोन शब्द होत.

मिशिगनचे सिनेटर जेकब हॉवर्ड यांनी हे विधेयक मांडताना काहीही लपवले नाही. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक असतात, तेव्हा लाभाची आशा दाखवून त्याच्याच साथीदाराला साक्षीला उभे करावे, असा त्यांचा उघड हिशेब होता. या कायद्याचा पाया माणसाच्या चांगुलपणावर घातलेला नव्हता, हे लक्षात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

ऐंशी वर्षे हा कायदा जिवंत राहिला. मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात काही लोकांनी त्याचा दुरुपयोग केला. सरकारने स्वतःच शोधलेल्या फसवणुकीचे आरोपपत्र वाचायचे, त्याची नक्कल करून दावा लावायचा आणि वाटा मागायचा, असा उद्योग सुरू झाला. १९४३ साली सर्वोच्च न्यायालयाने असाही दावा चालू शकतो असा निर्णय दिला, तेव्हा अमेरिकेच्या संसदेने त्याच वर्षी कायदा बदलला. परंतु दुखरा दात काढताना जबडाच काढावा तसे झाले. सरकारच्या कोणत्याही खात्याला माहिती आधीपासून असेल, तर नागरिकाचा दावा चालणार नाही, असे ठरले. वाट्याची रक्कमही फार कमी करण्यात आली. एखाद्याने कर्तव्य म्हणून आधी सरकारला कळवले, तर सरकारला आता माहिती आहे या कारणाने त्याचाच दावा फेटाळला जाई. प्रामाणिक मनुष्याचे दार असे बंद झाले आणि पुढील चाळीस वर्षे कायदा पुस्तकातच पडून राहिला.

ते दार पुन्हा उघडणाऱ्या वकिलाचे नाव जॉन आर. फिलिप्स. ते इटालियन वंशाचे. त्यांचे आजी-आजोबा इटलीतील फ्रिउली प्रांतातून अमेरिकेत आले होते आणि घराण्याचे मूळ नाव फिलिप्पी असे होते. फिलिप्स यांचा जन्म पेनसिल्व्हेनियातील लीचबर्ग या लहानशा गावी झाला. नॉत्र देम विद्यापीठात पदवी घेऊन त्यांनी कॅलिफोर्नियातील बर्कली येथे कायद्याचे शिक्षण घेतले आणि लॉस एंजेलिसच्या एका मोठ्या वकिली पेढीत नोकरी धरली. तेथे राहिले असते तर बड्या कंपन्यांचे वकील म्हणून सुखाने जगले असते. पण १९७१ साली त्यांनी तरुण सहकाऱ्यांसह ती पेढी सोडली आणि ‘सेंटर फॉर लॉ इन द पब्लिक इंटरेस्ट’ ही लोकहितासाठी खटले लढवणारी संस्था स्थापन केली. लॉस एंजेलिसमध्ये एका मोठ्या महामार्गासाठी हजारो गरीब कुटुंबांची घरे पाडण्यात येणार होती. त्या प्रकरणात या संस्थेने १९७२ साली दावा लावला. सात वर्षांनी झालेल्या तडजोडीत सरकारला विस्थापितांसाठी घरे बांधण्याची हमी द्यावी लागली.

१९८०च्या दशकात अमेरिकेचा संरक्षण खर्च झपाट्याने वाढला आणि त्याबरोबर विचित्र बिले बाहेर येऊ लागली. ४३५ डॉलरचा हातोडा आणि विमानातील शौचकूपाचे ६४० डॉलरचे झाकण यांच्या बातम्यांनी लोक हसले, पण पैसा त्यांचाच होता. अशा वेळी फिलिप्स यांनी १८६३चा विस्मृत कायदा हाती घेतला. कायद्याच्या नव्या मसुद्याला आकार देण्यात त्यांचा मोठा वाटा होता. संसदेत तो पुढे नेला दोन परस्परविरोधी पक्षांच्या सभासदांनी : आयोवाचे रिपब्लिकन सिनेटर चार्ल्स ग्रासली आणि कॅलिफोर्नियाचे डेमोक्रॅट प्रतिनिधी हॉवर्ड बर्मन. बर्मन हे आपल्या यहुदी समाजातील. २७ ऑक्टोबर १९८६ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी सुधारणांवर सही केली.

या सुधारणांचा गाभा थोडक्यात सांगते. नुकसानभरपाई दुपटीऐवजी तिप्पट झाली आणि प्रत्येक खोट्या मागणीमागे ५,००० ते १०,००० डॉलर दंड ठरला. सरकार दाव्यात सामील झाले तर तक्रारदाराला वसुलीचा १५ ते २५ टक्के वाटा, आणि सरकार सामील न होता त्याने एकट्याने दावा जिंकला तर २५ ते ३० टक्के. दावा जिंकल्यास वकिलाचा खर्च फसवणाऱ्याने द्यायचा. तक्रारीमुळे कामावरून काढले गेल्यास पुन्हा नेमणूक आणि बुडालेल्या पगाराची दुप्पट रक्कम मागण्याचा हक्क. ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणून सुटण्याची वाटही बंद झाली. मुद्दाम डोळे मिटून घेणे हेदेखील जाणून करण्यासारखेच मानले गेले. त्याच सुमारास फिलिप्स यांनी ‘टॅक्सपेअर्स अगेन्स्ट फ्रॉड’ ही संस्था उभी केली आणि १९८८ साली मेरी लुईस कोहेन यांच्याबरोबर स्वतंत्र वकिली पेढी सुरू केली. जागल्यांची वकिली हा तिचा मुख्य व्यवसाय होता.

ही वकिली इतर वकिलीसारखी नसते. अशील येतो तो बहुधा घाबरलेला असतो. त्याची नोकरी गेलेली असते किंवा जाण्याच्या बेतात असते. फी देण्याची ऐपत नसते, म्हणून वकील यशावर मेहनताना ठरवतो आणि वर्षानुवर्षे स्वतःच्या खिशातून खर्च करतो. दावा मोहोरबंद दाखल होतो. ज्याच्यावर आरोप आहे त्याला पत्ताही लागत नाही. प्रत जाते ती फक्त न्याय खात्याकडे, पुराव्याच्या सविस्तर टिपणासह. कायद्याने साठ दिवसांची मुदत आहे, पण सरकार ती वाढवून मागते आणि वर्षे उलटतात. एवढा काळ अशिलाला मौन पाळावे लागते. शेजारची खुर्ची ज्यांची, ज्यांच्याबरोबर तो डबा खातो, त्यांनाही काही सांगता येत नाही. बहुतेक दाव्यांत शेवटी सरकार सामील होतच नाही. म्हणून चांगला वकील येणाऱ्यांपैकी बहुतेकांना परत पाठवतो आणि उरलेल्यांची कसून उलटतपासणी करतो. तुम्ही स्वतः पाहिले की ऐकले? कागद कोठे आहे? यात राग किती आणि सत्य किती?

हे प्रश्न वाचताना मला हाफेत्झ हाईम यांची आठवण झाली. रब्बी इस्राएल मेइर कागन यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या त्या ग्रंथावरूनच त्यांना हे नाव पडले. लाशोन हारा, म्हणजे दुसऱ्याविषयी वाईट बोलणे, याविरुद्ध त्यांच्याइतके कोणी लिहिले नसेल. परंतु त्याच ग्रंथात, अन्याय थांबवण्यासाठी बोलणे कधी योग्य ठरते, याच्या सात अटी त्यांनी सांगितल्या आहेत. गोष्ट स्वतः पाहिलेली किंवा खात्रीची असावी. ती खरोखर अन्यायच आहे याचा नीट विचार केलेला असावा. आधी त्या माणसाला सौम्य शब्दांत समजावून पाहावे. तिखटमीठ लावू नये. हेतू हिताचा असावा, द्वेषाचा नव्हे. दुसऱ्या मार्गाने काम होत असेल तर तो धरावा. आणि दोषी माणसाला त्याच्या अपराधाहून अधिक शिक्षा होऊ नये. लिथुआनियातील एका रब्बीने घातलेल्या या अटी आणि वॉशिंग्टनमधील वकिलाचे प्रश्न किती जवळचे आहेत, ते पाहावे.

आता पहिला दावा, जो आपल्या देशाशी बांधलेला आहे. जनरल इलेक्ट्रिक कंपनी इस्राएलच्या एफ-१६ विमानांसाठी इंजिने पुरवीत असे आणि त्यांचा पैसा अमेरिकेच्या लष्करी मदतीतून येई. हवाई दलाचे अधिकारी रामी दोतान आणि कंपनीचा एक अधिकारी यांनी संगनमत करून, न झालेल्या कामांची खोटी बिले पाठवली आणि कोट्यवधी डॉलर वळवले. चेस्टर वॉल्श हे कंपनीचे इस्राएलमधील व्यवस्थापक. १९८६च्या सुमारास त्यांना हा प्रकार कळला. ते गुपचूप कागद जमवीत राहिले आणि नोव्हेंबर १९९०मध्ये त्यांनी अमेरिकेत सिनसिनाटी येथे दावा लावला. त्यांचे वकील होते जॉन फिलिप्स.

त्याच सुमारास इस्राएलमध्ये दोतान यांना अटक झाली होती. मार्च १९९१मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना तेरा वर्षांची कैद सुनावली आणि ब्रिगेडियर-जनरलचा हुद्दा काढून साधा शिपाई केले. जुलै १९९२मध्ये कंपनीने गुन्हा कबूल करून एकूण ६ कोटी ९० लाख डॉलर भरले. त्यांपैकी ५ कोटी ९५ लाख दिवाणी दाव्याचे होते. न्यायाधीशांनी त्यातून वॉल्श यांना १ कोटी ३४ लाख डॉलर देण्याचा आदेश दिला.

येथे वाद पेटला. कंपनीचे म्हणणे असे की, वॉल्श यांनी वरिष्ठांना सांगितलेच नाही; चार वर्षे गप्प राहिले, तोवर चोरी वाढत गेली आणि त्यांचा वाटाही वाढला. वॉल्श यांचे उत्तर असे की, तक्रार वर गेली असती तर नोकरी गेली असती आणि पुरावाही नाहीसा झाला असता. आपल्या जिवाचीही त्यांना भीती वाटत होती. वाटा कमी असावा असे सरकारच्याही वकिलांनी मांडले आणि १९९४ साली अपील न्यायालयाने तो आदेश रद्द करून प्रकरण फेरविचारासाठी परत पाठवले.

हाफेत्झ हाईम यांची तिसरी अट, आधी समजावून पाहण्याची, येथे आडवी येते. मात्र समजावण्याचा उपयोग होणार नाही हे ठाऊक असेल तर ही अट लागू राहत नाही, असेही त्यांनीच लिहिले आहे. वॉल्श यांना ते खरोखर ठाऊक होते काय? याचा निवाडा मी करीत नाही. पण एवढे म्हणते की, तो पैसा आपल्या आकाशाच्या रक्षणासाठी आलेला होता. ज्यांची मुले त्या विमानांची देखभाल करीत होती, त्यांना या दाव्याचा हिशेब विचारण्याचा पूर्ण हक्क आहे.

दुसरा दावा रुग्णालयांचा, आणि तो समजावून सांगणे मला सोपे जाते. अमेरिकेत १९६५ साली वृद्धांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना सुरू झाली. रुग्णालयांना वर्षअखेरीस आपल्या खर्चाचा अहवाल तीत सादर करावा लागे : इमारतीचे व्याज, परीटघर, स्वयंपाकघर, यंत्रे, कचेरीचा खर्च. यांतील कोणता भाग मेडिकेअरच्या रुग्णांसाठी झाला, त्यावर पैसे ठरत. मोंटाना राज्यातील व्हाइटफिश या गावी एक लहान रुग्णालय होते आणि जेम्स ऑल्डरसन हे तेथील मुख्य हिशेबनीस होते. १९९० साली क्वोरम या कंपनीकडे रुग्णालयाचे व्यवस्थापन गेले. नव्या व्यवस्थापनाने त्यांना दोन अहवाल तयार करण्यास सांगितले. एक मेडिकेअरला पाठवण्यासाठी, फुगवलेला. दुसरा फक्त घरात ठेवण्यासाठी, खरा. सरकारच्या तपासनिसाने पकडले तर किती पैसे परत द्यावे लागतील, ते या दुसऱ्यावरून कळे आणि तेवढी रक्कम बाजूला ठेवली जाई. पकडले नाही, तर पैसे कंपनीचेच.

ऑल्डरसन यांनी नकार दिला आणि थोड्याच दिवसांत त्यांना कामावरून काढण्यात आले. त्यांनी प्रथम फक्त अन्यायाने काढल्याबद्दल दावा लावला. त्या दाव्यात कंपनीचे जे कागद समोर आले, त्यांवरून त्यांना कळले की ही रीत एका रुग्णालयापुरती नसून अनेक ठिकाणी चालू आहे. १९९३ साली त्यांनी मोहोरबंद दावा दाखल केला. सरकार त्यात सामील झाले १९९८ साली. पाच वर्षे! या काळात कुटुंबाला घेऊन त्यांना नोकरीसाठी गाव बदलावे लागले आणि आपण काय केले आहे ते कोणाला सांगण्याची सोय नव्हती. इकडे फ्लोरिडात जॉन शिलिंग नावाचे दुसरे हिशेबनीस कोलंबिया/एचसीए या देशातील सर्वांत मोठ्या रुग्णालय-कंपनीत तोच प्रकार पाहत होते. त्यांनीही दावा लावला आणि तपास अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून अंगावर ध्वनिमुद्रण यंत्र लावून ते सहकाऱ्यांना भेटत राहिले. दोघांचीही बाजू फिलिप्स यांच्या पेढीने लढवली.

क्वोरमने २००१ साली दोन दाव्यांच्या तडजोडीत मिळून ९ कोटी ५५ लाख डॉलर भरले. एचसीएने २००० आणि २००३ या दोन वर्षांत झालेल्या तडजोडींत एकूण १७० कोटी डॉलर भरले. त्या वेळेपर्यंत आरोग्यसेवेतील फसवणुकीची एवढी मोठी वसुली झाली नव्हती. ऑल्डरसन आणि शिलिंग यांना मिळून १० कोटी डॉलर मिळाले. न्यायाची दुसरी बाजूही सांगायला हवी. फ्लोरिडात ज्या दोन अधिकाऱ्यांना फौजदारी खटल्यात शिक्षा झाली होती, त्यांना २००२ साली अपील न्यायालयाने दोषमुक्त केले. कंपनीने पैसे भरणे आणि व्यक्तीचा गुन्हा शाबीत होणे या निराळ्या गोष्टी आहेत. जागल्याची हाळी हा निकाल नव्हे. ती फक्त दिवा लावण्याची विनंती असते.

आम्हा परिचारिकांना शिकवणीच्या पहिल्या वर्षी एक नियम घोकून घेतात : तक्त्यावर जे लिहिले नाही, ते केलेच नाही असे समजावे. त्याची दुसरी बाजू अशी की, जे केले नाही ते तक्त्यावर लिहिणे हा रुग्णाचा घात आहे. ताप न मोजता आकडा भरला, तर सकाळी येणारा डॉक्टर त्या आकड्यावर औषध ठरवतो. दोन अहवालांची गोष्ट वाचताना मला या नियमाचा अर्थ नव्याने कळला. खोटा आकडा कागदावर निरुपद्रवी दिसतो, पण त्याच्या टोकाला कोणीतरी खाटेवर पडलेला असतो. मेडिकेअरच्या तिजोरीतून गेलेला डॉलर हा कोणा म्हाताऱ्या बाईच्या शस्त्रक्रियेचा डॉलर असतो.

आता सर्वांत कठीण प्रश्न. जागल्याला एवढे पैसे का द्यावेत? सत्य सांगण्याची किंमत घ्यावी काय? अमेरिकेतही यावर एकमत नाही. १९८९ साली न्याय खात्यातील वरिष्ठ अधिकारी विल्यम बार यांनी ही पद्धत राज्यघटनेच्या विरुद्ध असल्याचे लेखी मत दिले होते. २००० साली सर्वोच्च न्यायालयाने नागरिकाला असा दावा लावण्याचा अधिकार आहे हे मान्य केले. तरीही ३० सप्टेंबर २०२४ रोजी फ्लोरिडातील एका न्यायाधीशांनी ही पद्धत घटनाबाह्य ठरवली. उलट बाजूस हिशेब असा की, १९८६ पासून २०२३ अखेरपर्यंत या कायद्याने ७,५०० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम सरकारी तिजोरीत परत आणली आणि तिचा मोठा भाग अशा नागरिकांच्या दाव्यांतून आला.

माझे मत मी नम्रपणे मांडते. आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रातील गावगाड्यात जागल्याला गावाकडून मोबदला मिळत असे. तो धान्य घेतो म्हणून त्याची हाळी खोटी, असे कोणी म्हणत नसे. राखणीत जागरण आहे, धोका आहे आणि रात्री गावाशी वैर धरणारे लोकही आहेत. त्याची भरपाई गावाने करावी हे न्याय्यच होते. ज्याची नोकरी जाते, ज्याला त्या धंद्यात पुन्हा कोणी उभे करीत नाही, ज्याची मुले शाळा बदलतात, त्याला वाटा मिळणे मला अधर्म वाटत नाही. शिवाय वाटा मिळाला तरी त्यातून वकिलाचा मेहनताना आणि प्राप्तिकर जातो. ऑल्डरसन यांनी करात सवलत मागितली, ती २०१२ साली अपील न्यायालयाने नाकारली. पण हाफेत्झ हाईम यांची हेतूविषयीची अट कोणताही कायदा पुरी करू शकत नाही. ती ज्याची त्याने, एकांतात, स्वतःच्या मनाशी पुरी करायची असते. कायदा साक्षीचा खरेपणा तपासतो. हेतू तपासणारा न्यायाधीश वेगळा आहे.

आपल्या इस्राएलमध्ये अशी वाट्याची पद्धत नाही. येथे १९९७ साली कर्मचारी-संरक्षणाचा कायदा झाला. गुन्हा किंवा गैरकारभार उघड करणाऱ्या कामगाराला त्यासाठी कामावरून काढले किंवा छळले, तर तो कामगार न्यायालयात दाद मागू शकतो. सरकारी नोकराला मेवाकेर हामेदिना यांच्याकडेही संरक्षणाचा आदेश मागता येतो. आपल्या समाजातील कितीतरी मुलेमुली आज रुग्णालयांत, नगरपालिकांत, विमान कारखान्यांत, लष्करात नोकरी करतात. त्यांना हे दोन मार्ग ठाऊक असावेत. आणि अशी वेळ आलीच, तर त्यांनी प्रथम नोंदी व्यवस्थित ठेवाव्यात, ऐकीव आणि पाहिलेले वेगळे लिहावे, आणि वर्तमानपत्राकडे जाण्याआधी जाणत्या वकिलाकडे जावे. भावनेच्या भरात टाकलेले पाऊल पुष्कळदा खऱ्या तक्रारीलाही लंगडे करते.

जॉन फिलिप्स २०१३ ते २०१७ या काळात इटलीत अमेरिकेचे राजदूत होते. आजी-आजोबा जो देश सोडून गेले, तेथे नातू राजदूत म्हणून परतला. परंतु त्यांचे खरे काम मला निराळे वाटते. घाबरलेल्या माणसाच्या शेजारी त्यांनी खुर्ची ओढून घेतली आणि त्याला विचारले, तुम्ही स्वतः काय पाहिले ते सांगा. गावात जागल्या असतोच. तो हाळी देईल की नाही, हे पुष्कळदा अशी शेजारची खुर्ची आहे की नाही यावर ठरते. आपल्या घरांत आणि आपल्या बेत हाकनेसेतमध्ये ती खुर्ची रिकामी राहू नये, एवढीच प्रार्थना करते.